पाठीचा इतिहास

आमच्या लहानपणी कोणाच्या कंबरेत उसण भरली की घरात पहिला प्रश्न निघायचा, "गावात पायाळू कोण आहे?" जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. आमच्या आळीत असा एक मुलगा होता. इयत्ता तिसरीत होता, नाक गळत असायचे, पण मोठमोठे मिशीवाले बाप्ये त्याच्यापुढे पालथे पडायचे! बदल्यात त्याला गूळ-खोबरे मिळे. (पायाळू माणसावर वीज पडते असेही म्हणत, त्यामुळे पावसाळ्यात बिचाऱ्याला घराबाहेर सोडत नसत. मान मोठा, पण धोकाही मोठा.)

हे आठवायचे कारण असे, की गेले वर्षभर मी पाठीविषयी बरेच वाचते आहे. बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. लढाया शिकवल्या, तह शिकवले, किल्ले कोणी बांधले ते शिकवले. त्या किल्ल्यांचे दगड ज्यांच्या पाठीवरून वर चढले त्यांच्या पाठींचे पुढे काय झाले, हा प्रश्न एकाही पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात नव्हता. माझ्याही मनात तो कधी आला नाही. तो आला पावण्याला राहून.

मी १९७६ साली लग्न होऊन या पट्ट्यात आले. वाशीचा पहिला खाडीपूल झाला त्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या गेल्या. त्या पट्ट्याला ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे टीटीसी म्हणतात. पावणे त्यातलेच एक गाव. १९७० मध्ये सिडको आली आणि बाकीच्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. त्याआधी या खाडीकाठच्या गावांचे जगणे भात, मासळी आणि मीठ यांवर. आगरी हे नावच मुळी आगरावरून आले असे म्हणतात.

आता ही तिन्ही कामे कशी होतात ते पाहा. भाताची लावणी कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात, दिवसभर. मिठागरातले मीठ ओढायचे वाकून आणि वाहायचे डोक्यावरच्या पाटीतून. मासळीची पाटीही डोक्यावरच. माझ्या शेजारच्या आजी सांगायच्या, "लावणीचे पंधरा दिवस संपले की आम्ही बाया सरळ उभ्या राहायलाच विसरायचो." त्या हसत हसत सांगायच्या. दुखणे म्हणून सांगायचे नाही, गंमत म्हणून सांगायचे, अशी त्या पिढीची रीत होती.

जमिनी गेल्या तरी पाठीवरचे काम काही गेले नाही. ते भाताच्या भाऱ्यावरून कारखान्यातल्या पिंपांवर आणि गोण्यांवर आले, एवढेच. त्यातच १९८० नंतर मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीत आले. कांदा-बटाटा, धान्य, मसाला, फळे, भाजी. त्यांच्याबरोबर माथाडी कामगार आले आणि कोपरखैरणे-घणसोलीकडे वस्ती करून राहिले. बहुतेक सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतले. माझ्या वर्गात आगरी मुलांच्या शेजारी ही घाटावरची मुले बसू लागली. एकमेकांच्या भाषेला हसत, आणि महिन्याभरात एकमेकांचीच भाषा बोलत.

माथाड्यांचा इतिहास मात्र लिहिला गेलेला आहे, आणि तो अभिमानाचा आहे. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील स्वतः मुंबईत हमाली करीत होते. त्यांनी या विस्कळीत माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. मंडळे आली, नोंदणी आली, मालकांकडून लेव्ही घेणे आले, भविष्यनिर्वाह निधी आला. रोज सकाळी मुकादमापुढे उभे राहणाऱ्या हमालाला कायद्याने कामगार केले. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, ते तर स्वतः वैद्यक शिकलेले. पोत्याचे वजन कमी करा ही हमालांची मागणी जुनीच. पूर्वी क्विंटलचे, म्हणजे १०० किलोचे पोते सर्रास एका माणसाच्या पाठीवर द्यायचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली पुरुष कामगाराने उचलण्याचे वजन ५५ किलोंच्या आत असावे अशी शिफारस केली होती. आपल्याकडे पोते ५० किलोंवर यायला त्यानंतरही बरीच वर्षे आणि बरीच भांडणे लागली.

आता उपचारांकडे वळू. त्यांचा इतिहास फारच मजेदार आहे. मजेदार म्हणजे, ज्याची पाठ दुखत नाही त्याला!

पायाळूंना आपण हसतो, पण शिकलेल्या वैद्यकाने शंभरेक वर्षे काय केले? झोपवून ठेवले. १८६३ मध्ये जॉन हिल्टन या इंग्रज शल्यविशारदाची विश्रांतीवरची व्याख्याने छापली गेली आणि विश्रांती हे मोठे औषध ठरले. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली जाते हे दाखवून दिले. शोध खराच, पण त्याने पाठदुखीची सगळी कल्पनाच बदलली. दुखते म्हणजे काहीतरी सरकले आहे, मोडले आहे, हलू नका. "फळीवर झोपा, तीन आठवडे उठू नका" हे आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने कोणा ना कोणाच्या बाबतीत ऐकले असेल. मग पट्टा आला, वजने लावून ताण देणे आले.

खरे तर बहुतेक जुन्या कंबरदुखीत बोट दाखवावे असे काही मोडलेले सापडतच नाही. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना दोन दिवस झोपायला सांगितले, काहींना सात. दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता, फक्त दोन दिवसवाले कामावर लवकर गेले. १९९५ मध्ये हेलसिंकीत आणखी पुढची गोष्ट दिसली, जे जमेल तसे रोजचे व्यवहार करीत राहिले ते झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आहे, समजावून सांगणे आहे. पट्टे आणि ताण देणे हे सरसकट वापरू नये असे म्हटले आहे. आमच्या घरच्या माळ्यावर दोन पट्टे आहेत, ते आता भंगारवाल्याला द्यायला हरकत नाही.

हे सगळे वाचताना मला राहून राहून औंधच्या राजांची आठवण येत होती. त्याला कारण आहे. माझी आई आटपाडीची, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातली. संस्थान कसले, इथे-तिथे विखुरलेली ७२ गावे. पण राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे विलक्षण गृहस्थ. चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे वेडे. तरुणपणी त्यांना नाद लागला होता सँडोचा. युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध पहिलवान. त्याची पुस्तके आणि व्यायामाची साधने टपालाने जगभर जात. भवानरावांनी ती साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. म्हणजे बघा, साताऱ्याजवळच्या एका गावात बसलेला माणूस लंडनच्या गुरूकडून टपालाने व्यायाम शिकत होता, तोही एकोणिसावे शतक संपायच्या सुमारास! हल्ली आपल्याला वाटते की घरबसल्या व्यायाम शिकणे हा कोविडचा शोध आहे.

पुढे १९०८ च्या सुमारास ते सँडो सोडून सूर्यनमस्कारांकडे वळले. साधन नको, जागा साडेतीन हात पुरे, पैसा शून्य. १९०९ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी ते शाळांत सक्तीचे केले, मुलांच्या आणि मुलींच्याही. पुस्तके लिहिली, तक्ते छापले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले असता लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी त्यांच्याबद्दल लिहिले आणि १९३८ मध्ये 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक लंडनमध्ये निघाले. चाक उलटे फिरले. आता लंडनची माणसे औंधच्या गुरूकडून पुस्तकातून शिकू लागली.

आईची चौथीपर्यंतची शाळा संस्थानातली. ती ऐंशीव्या वर्षापर्यंत रोज बारा नमस्कार घालत असे आणि तिची पाठ शेवटपर्यंत ताठ होती. आता यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी इतिहासाची शिक्षिका म्हणून सांगितले पाहिजे. तिच्याच वर्गातल्या, तेच नमस्कार शिकलेल्या किती जणींच्या पाठी पुढे खुरप्याने आणि हंड्याने मोडल्या, त्याची कोणी नोंद ठेवली नाही. आपल्याला ताठ पाठवाली म्हातारी तेवढी दिसते. शिवाय पाठ दुखत असलेल्या माणसाने उठून सूर्यनमस्कारच घालावेत असेही माझे म्हणणे नाही. राजेसाहेबांचा दावा मात्र असाच सरसकट होता, सगळ्या रोगांवर एकच इलाज. मोठ्या माणसांचे वेड मोठेच असायचे.

मराठीत पुढे ही परंपरा चालूच राहिली. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार योग शिकवायला पुण्यात आले आणि तिथेच राहिले. १९६६ मध्ये त्यांचे 'लाइट ऑन योगा' आले, मराठीत ते 'योगदीपिका'. सहाशेच्या आसपास छायाचित्रे, आणि शेवटी कोणत्या दुखण्याला कोणती आसने याची यादी, तीत पाठदुखीही आहे, सायटिकाही आहे. हे पुस्तक उघडून जमिनीवर ठेवायचे, चारी बाजूंना वजने ठेवायची आणि त्याकडे बघत आसन करायचे, असे कित्येकांनी केले. अय्यंगारांचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे पट्टे, खुर्च्या, दोर आणि लाकडी ठोकळे. शरीर जिथवर जाते तिथवर जमीनच वर आणायची! चौथीच्या मुलाला सातवीचे गणित न देणाऱ्या शिक्षकाला ही कल्पना लगेच कळेल.

इकडे फिजिओथेरपी मुंबईत आली ती पाठीसाठी नव्हे, मुख्यतः पोलिओमुळे. फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी वणवण केल्यावर या बाईंनी १९४७ मध्ये मुंबईत इतर मुलांसाठी केंद्र सुरू केले. १९५२ मध्ये केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा निघाली आणि १९५५ मध्ये हाजी अलीची संस्था. हे सगळे खाडीच्या पलीकडे. पावण्याहून हाजी अलीला जायचे म्हणजे अर्धा दिवस जातो आणि अर्धी रोजी जाते. पुढे या बाजूलाही रुग्णालये झाली, फिजिओथेरपीची महाविद्यालयेही झाली. पण अंतर नेहमी किलोमीटरमध्येच मोजायचे नसते, हे मला एका माजी विद्यार्थ्यामुळे कळले.

तो १९९० च्या आसपास माझ्या वर्गात होता. आता सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा, धान्य बाजारात माथाडी. गेल्या वर्षी रस्त्यात भेटला तो एका बाजूला झुकून चालत होता. "काय रे, काय झालं?" "काय नाही बाई, कंबर धरलीय. आठ महिने झाले." डॉक्टर झाले होते, गोळ्या झाल्या होत्या, एमआरआय झाला होता, पट्टा होता. एका ठिकाणी ऑपरेशन सांगितले होते, दुसऱ्या ठिकाणी दहा दिवस शेकायला बोलावले होते. तो चार दिवस गेला. रिक्षा, रांग, वीस मिनिटे मशीन, परत रिक्षा. पाचव्या दिवशी गेला नाही. टोळीत सगळ्यांची कमाई एकत्र होऊन वाटली जाते. त्याच्या टोळीने त्याला पोती शिवायला आणि मोजायला बसवले होते आणि वाटा पूर्ण देत होते. "पण किती दिवस देतील बाई? त्यांच्या पण पाठीच आहेत."

माझ्या भाचीची मुलगी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. (हे वाचते आहेस ना ग? तुझे नाव लिहीत नाही, तू बजावले आहेस.) तिला फोन केला. ती म्हणाली, "आजी, आधी त्यांना विचार, लघवीला त्रास आहे का, मांड्यांच्या मधे बधिरपणा आहे का, पायातली शक्ती गेली आहे का, ताप किंवा वजन उतरणं आहे का. यातलं एक जरी असलं तरी माझ्याकडे नको, तडक डॉक्टरकडे." यातले काही नव्हते. एमआरआयचे कागद तिने मागवून पाहिले, त्याच्या डॉक्टरांशी बोलली आणि मग आठवड्यातून दोनदा रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल ठरला.

पहिल्या दोन कॉलना मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन बसले होते. दहा बाय बाराची खोली. फोन गव्हाच्या डब्याला टेकवलेला. तो आडवा झाला की पाय कपाटाला लागायचे, म्हणून मुलाने कॉट उभी करून ठेवलेली. मला वाटले होते लगेच व्यायाम सुरू होतील. पण पहिला अर्धा तास ही मुलगी नुसती विचारत होती. "काका, सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते?" तो गप्प. मग म्हणाला, "वाकलो की मणका सरकंल. डॉक्टरनी फोटोत दाखवलं ना सरकलेलं." तिने त्याला सांगितले, की असे फोटो तुमच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांचेही निघतात. पाठ ही काचेची बरणी नाही. आठ महिने न हलल्याने स्नायू कमजोर झाले आहेत, ते कामाने परत येतात, हळूहळू. एवढेच. व्यायाम म्हणून त्या आठवड्यात फक्त चालणे दिले, दिवसातून दोनदा दहा मिनिटे. पुढे कंबर उचलणे, रांगत्या अवस्थेत एक हात आणि उलटा पाय लांब करणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे. नवव्या आठवड्यात पाच किलोची पिशवी जमिनीवरून उचलणे आले. त्या दिवशी त्याला घाम फुटला होता. शंभर किलो उचललेला माणूस पाच किलोंपुढे घाबरला होता.

गंमत पुढेच आहे. चौथ्या-पाचव्या कॉलला नाशिकहून आवाज आला, "काका, मागे कोण करतंय?" मागे त्याची बायको भिंतीला धरून तेच व्यायाम करीत होती. तिची कंबर धाकट्याच्या बाळंतपणापासून, म्हणजे सतरा वर्षे दुखत होती. घरात कोणालाच माहीत नव्हते. "सांगून काय करणार, भाकरी तर थापायच्याच आहेत," ती म्हणाली. तिच्या पाठीसाठी एमआरआय नाही, पट्टा नाही, मोजणीचे हलके काम द्यायला टोळीही नाही. मला लावणीच्या गोष्टी सांगणाऱ्या शेजारच्या आजींची आठवण झाली. माथाड्यांचा निदान कायदा तरी आहे.

बारा आठवड्यांनी काय झाले? चमत्कार नाही. दहापैकी आठ दुखायचे ते चारवर आले. तो एसटीने बसून गावी जाऊन आला, जे वर्षभर जमले नव्हते. रात्री झोप लागते. मोठ्या अभ्यासांतूनही असेच माफक चित्र दिसते. २०२१ साली कॉक्रेन या संस्थेने जुनाट कंबरदुखीवरच्या व्यायामाचे २४९ प्रयोग एकत्र तपासले. व्यायामाने काहीच न करण्यापेक्षा बहुधा फायदा होतो, पण माफक, असा त्याचा सूर आहे. २०१७ मध्ये बोस्टनमध्ये ३२० जणांवर, बहुतेक कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतले, योग आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली. दोन्ही जवळपास सारखेच उतरले. फोनचे म्हणाल तर इंग्लंडमध्ये फिजिओथेरपिस्टने आधी फोनवर तपासून सल्ला द्यायची पद्धत आजमावली गेली (२०१३). रुग्णांना तितकाच गुण आला, फक्त सल्ला लवकर मिळाला. २०२४ मध्ये क्लीव्हलँडच्या रुग्णालयाने १४० जणांवर व्हिडिओवरून शिकवलेल्या योगवर्गाचा प्रयोग केला, त्यातही दुखणे कमी झाले. आपल्याकडे केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम २५ मार्च २०२० ला काढले, म्हणजे टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. पाठोपाठ एप्रिलमध्ये ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. त्या वर्षी मे महिन्यात वाशीचा बाजार आठवडाभर बंद होता. बाकी काळ माथाडी पोती वाहतच होते, कारण मुंबईला जेवायचे होते.

मग सँडोची पुस्तके, औंधचे तक्ते, 'योगदीपिका' आणि हा फोन यांत फरक काय? मी शिक्षिका असल्यामुळे मला तो लगेच दिसतो. पुस्तक गृहपाठ देते, तपासत नाही. औंधच्या शाळेत नमस्कार झाले ते मास्तर समोर उभे असल्यामुळे, तक्ता भिंतीवर होता म्हणून नव्हे. माझ्या विद्यार्थ्याला आधीच्या रुग्णालयानेही व्यायामांचा एक कागद दिलाच होता, इंग्रजीत, काड्यांच्या माणसांची चित्रे असलेला. तो देव्हाऱ्याच्या मागे खोचलेला मी पाहिला. नाशिकची मुलगी मात्र दर मंगळवारी विचारत होती, "केलं का? का नाही जमलं? मग आता कधी जमेल?" आणि चुकल्यावर रागावत नव्हती. वही तपासणारे कोणीतरी आहे म्हटल्यावर मुले गृहपाठ करतात, यात नवीन काही नाही.

पण एका ओळखीच्या मुलीने प्रेमाने केलेले बारा आठवडे ही व्यवस्था नव्हे. व्यवस्था कशी असू शकते याचा विचार गडचिरोलीत चालू आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून तिथे काम करते. नवजात बालकांसाठी गावच्याच बाईला आरोग्यदूत म्हणून तयार करण्याचे त्यांचे काम जगभर गेले. त्याच संस्थेने पुढे ग्रामीण भागात पाठदुखी आणि अंगदुखी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे हे अभ्यासातून मांडले. मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज आणि त्यांची स्पाइन फाउंडेशन या कामात त्यांच्याबरोबर आहेत. मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की पाठदुखीने माणूस मरत नाही म्हणून ती कोणत्याच सरकारी यादीत वर येत नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसांना अपंगत्व आणणाऱ्या कारणांत ती पहिली आहे. तरी आपल्याकडे तिची गणना "वय झालं" किंवा "काम केलं की दुखणारच" यात होते.

माझ्या भाचेसुनेचा मात्र एक आक्षेप आहे आणि तो मला खोडता आलेला नाही. ती म्हणते, "मावशी, पन्नास किलोचं पोतं तसंच ठेवून माणसाच्या पाठीला व्यायाम शिकवायचे, म्हणजे दोष पाठीचाच ठरला ना?" खरे आहे. भवानरावांच्या नमस्कारांतही हा दोष होताच, प्रजेचे शरीर सुधारा की सगळे सुधारेल. बाजारात ढकलगाड्या आल्या आहेत, काही ठिकाणी सरकते पट्टे आले आहेत. पण यंत्र आले की टोळीतली माणसे कमी होतात, आणि माथाडी पाठीवरच्या पोत्याला जितका भितो त्याहून जास्त त्या यंत्राला भितो. माझा विद्यार्थी या आषाढापासून पुन्हा पोती घेतो आहे. निम्मी खेप तो करतो, निम्मी टोळीतली दोन तरुण मुले करतात. मी विचारले, "पंचवीस किलोचं पोतं असतं तर?" तो म्हणाला, "मग दुप्पट खेपा बाई. पण त्या झेपल्या असत्या."

नाशिककरीण आता त्या दोघांशी महिन्यातून एकदा बोलते. बायको व्यायामात नवऱ्याच्या पुढे गेली आहे. शेजारच्या तीन बायकाही कॉलच्या वेळी येऊन बसू लागल्यात, त्यामुळे फोन आता गव्हाच्या डब्यावरून कपाटावर गेला आहे, सगळ्या दिसाव्यात म्हणून. त्यांच्यासाठी मी व्यायामांचा एक मराठी कागद हाताने लिहिते आहे, मोठ्या अक्षरात. चित्रांचे अडले आहे. माझी माणसे काड्यांचीच येतात. आपल्यापैकी कोणाला साडी नेसलेली, रांगत्या अवस्थेतली बाई काढता येत असेल तर कळवावे. आणि आटपाडी, औंध, कुंडल इकडच्या कोणाच्या घरी संस्थानच्या वेळचा नमस्कारांचा छापील तक्ता अजून असेल, तर त्याचा फोटो मला हवा आहे. आईचा तक्ता घर बदलताना गेला.